लाल शाईच्या चार ओळी

मित्रांनो, मी एक जुना आणि जळकुकडा टाइपरायटर आहे. जुना आहे हे माझ्याकडे बघून कुणीही सांगेल. जळकुकडा आहे हे मात्र मलाच सांगायला हवं, कारण ते बाहेरून दिसत नाही. आपली कहाणी सांगायला बसलं की सगळे आपले कष्ट मोजून दाखवतात. मी किती राबलो, मला कसं फेकून दिलं, वगैरे. मीही राबलो. पण तेवढं सांगून तुमची कीव मिळवायची मला हौस नाही. मला एका पेनाबद्दल सांगायचं आहे. त्याच्यावर मी सात वर्षं जळलो, आणि त्या जळण्यात एका बाईचं अर्धं घर जात होतं तेव्हा मी खुशीत घंटी वाजवत होतो.

माझा जन्म विक्रोळीच्या कारखान्यात झाला. तिथल्या एका माणसाने माझी एकेक कळ दाबून पाहिली, कागदावर उठलेली अक्षरं उजेडात धरली आणि माझ्या पाठीवर खडूने बरोबरची खूण केली. त्या खुणेचा मला फार गर्व होता. पुढे मी घाटकोपरला आलो, सामंत वकिलांच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली आणि तिच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन. आत साहेब आणि त्यांची जाडजूड पुस्तकं, बाहेर आम्ही.

आम्ही म्हणजे दोन माणसं आणि दोन वस्तू. माझ्यासमोर वनमाला बसायची. मुलुंडची मुलगी, तोंडाने फटकळ, बोटांनी वाऱ्यासारखी. पलीकडच्या टेबलाशी धोंडिराम परब, साहेबांचे कारकून. मूळचे मालवणकडचे, डोक्यावर काळी टोपी, वीस वर्षं कोर्टात ये-जा केलेली. आणि त्यांच्या खिशात तो. जाडा, चॉकलेटी रंगाचा, निब एका बाजूला झिजलेलं. लाल शाईचा पेन.

त्याचा मला इतका राग का, ते नीट ऐका.

वकिलाकडे माणूस आला की त्याचं म्हणणं माझ्यावर टाइप व्हायचं. काय झालं आणि कोर्टाने काय द्यावं, हे दोन्ही त्यात असतं. त्याला वादपत्र म्हणतात. माझ्या कळा इंग्रजी, म्हणून वादपत्रही इंग्रजीत. ज्याची खोली, त्यालाच वाचता येऊ नये अशा भाषेत मी त्याची खोली लिहायचो. लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटायचा. समास सरळ, ओळी समान, एक खाडाखोड नाही.

आता कोर्टाचा एक सरळ नियम आहे. जे मागितलं नाही, ते मिळत नाही. मग एखादी गोष्ट लिहायची राहून गेली, किंवा दावा चालू असताना नवीनच काही घडलं, तर न्यायाधीशांची परवानगी काढून वादपत्रात दुरुस्ती करावी लागते. ती दुरुस्ती कोर्टाच्या फायलीत असलेल्या मूळ कागदावरच करायची. हाताने, लाल शाईने. म्हणजे आधी काय होतं आणि नंतर काय घातलं, हे कुणालाही दिसतं. आणि हे सगळं चौदा दिवसांत. नाहीतर मिळालेली परवानगी वाया.

म्हणजे बघा. अकरा पानं मी लिहायची. मग हे महाशय परबांच्या खिशात बसून वांद्र्याच्या कोर्टात जायचे, माझ्या एखाद्या ओळीवर रेघ मारायचे, बाजूला चार वाकडे शब्द लिहायचे आणि परत यायचे. त्यानंतर जो तो ते चार शब्दच वाचणार. लाल दिसलं की डोळा तिथेच जातो. माझी अकरा पानं मग नुसती पांढऱ्यावर काळं. आणखी एक दुखणं सांगतो. प्रत्येक वादपत्राच्या डोक्यावर कोर्टाचं नाव मी हजारो वेळा लिहिलं, पण कोर्ट कधी पाहिलं नाही. त्या पेनाने ते रोज पाहिलं.

१९८४ साली सुंदराबाई आमच्याकडे आल्या. सातारा जिल्ह्यातलं माणूस, नवऱ्याबरोबर मुंबईला आलेल्या. नवरा वारला होता. त्या महानगरपालिकेच्या सूतिकागृहात आया होत्या आणि मुलगी मालन हिच्याबरोबर घाटकोपरच्याच एका चाळीत राहत होत्या. पुढे एक खोली, मागे पडवी. पडवीत चूल, मोरी आणि पाण्याचा नळ. घरमालकाला ती जागा रिकामी करून हवी होती. त्याने मायलेकींना हुसकून लावू नये, एवढंच मागणं माझ्यावर टाइप झालं. अकरा पानं. झकास उतरली होती.

दावा चालू असताना एके दिवशी सुंदराबाई ड्यूटीवर आणि मालन शिवणक्लासला गेलेली असताना घरमालकाने गवंडी आणले. संध्याकाळी दोघी घरी येतात तर पडवीच्या दारात विटांची भिंत. चूल, मोरी, नळ सगळं पलीकडे. त्या दिवसापासून मायलेकी समोरच्या चाळीतून कळशीने पाणी आणायला लागल्या आणि स्टोव्ह पलंगाखाली ठेवायला लागल्या.

"माझं अर्धं घर खाल्लं ओ त्यानं," सुंदराबाई साहेबांना म्हणाल्या. रडल्या नाहीत. हिशेबी आवाजात सांगितलं.

साहेबांनी लगेच दुरुस्तीचा अर्ज केला. हुसकून लावू नये एवढं मागणं आता पुरेसं नव्हतं. भिंत पाडून पडवी परत द्यावी, हे त्यात घालायला हवं होतं. फक्त चार ओळी. न्यायाधीशांनी परवानगी दिली. साहेब खूश होऊन ऑफिसात आले आणि वनमालाला म्हणाले, "अख्खं वादपत्र नव्याने टाइप कर. त्या चार ओळी जागच्या जागी बसव. एक प्रत विरुद्ध बाजूला द्यायची, एक कोर्टात."

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस. त्या चार ओळी मी लिहिल्या. लाल नाही, काळ्या. माझ्या समासात, माझ्या अक्षरात. कुठून जोडल्या ते ओळखूही येईना.

साहेबांनी पानं चाळली आणि परबांसमोर धरली. "बघा परब. याला म्हणतात काम. नाहीतर तुमची ती लाल मुंग्यांची रांग."

वनमाला फिसकन हसली. परब हसले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बरा दिसता."

"बरं नाही, फस्क्लास दिसतं," वनमाला म्हणाली. "काका, तुमच्या पेनाला आता पेन्शन."

"होय गो. पेनाला आणि पेनवाल्याला."

परबांनी ती प्रत नेऊन कोर्टात दिली आणि परत आले. पेन खिशातून काढून टेबलावरच्या डब्यात उभा केला. मी त्याच्याकडे बघत होतो. वर्षानुवर्षं जो रोज फिरायला जायचा तो आज पेन्सिलींच्या शेजारी उभा होता. मित्रांनो, मला इतका आनंद झाला की त्या दिवशी ओळ संपल्यावर माझी घंटी जरा जास्तच मोठ्याने वाजली असेल.

पण मला एक गोष्ट माहीत होती. सात वर्षं त्या खोलीत काढली होती मी. नवी प्रत कितीही सुरेख असली तरी ती नुसती सोयीची असते. खरा कागद कोर्टातल्या फायलीतला, आणि त्यावर लाल शाई लागल्याशिवाय दुरुस्ती झाली असं कुणी मानत नाही. हे मला ठाऊक होतं. परबांना तर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. साहेबांच्या डोक्यात दहा दावे, ते विसरले. वनमालाने कोर्टात कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिला वाटलं झालं काम.

सुंदराबाई एक दिवसाआड ड्यूटी संपवून यायच्या. "झालं का माझ्या पडवीचं?"

वनमाला त्यांना माझी प्रत दाखवायची. "हे बघा ना. ही तुमची पडवी. या चार ओळी."

सुंदराबाई त्या ओळींवर बोट फिरवायच्या आणि जायच्या. मी फुगायचो. परब कॅलेंडरकडे बघायचे.

दहाव्या दिवशी परबांनी डब्यातून पेन काढला. शाईची बाटली उघडली. सावकाश शाई भरली, निब कापडाला पुसलं. मग पार्टिशनकडे तोंड करून बसले. आत साहेब फोनवर बोलत होते. परब बराच वेळ तसेच बसले. साहेबांनी हाक मारली नाही. शेवटी त्यांनी टोपण लावलं आणि पेन डब्यात ठेवला. मी मनातल्या मनात म्हटलं, राहा तिथेच.

चौदा दिवस गेले. वर आणखी आठ गेले.

मग तारीख आली. साहेब आणि परब कोर्टात गेले आणि दुपारी परतले ते एकमेकांशी न बोलता. साहेबांनी कोट खुर्चीवर फेकला. घरमालकाचा वकील उभा राहिला होता आणि म्हणाला होता की मूळ वादपत्रात पडवीचा शब्दही नाही, मुदत टळली, आता जुन्या मागणीवरच दावा चालवा. साहेबांनी माझी सुंदर प्रत पुढे केली. न्यायाधीशांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते म्हणाले, मुदत वाढवून हवी असेल तर परवा अर्ज आणा, आणि उशीर का झाला ते शपथेवर सांगा.

"वाट लागली," वनमाला म्हणाली. "पण प्रत तर दिली होती ना?"

"प्रत नुसती प्रत असते," परब खाली बघून म्हणाले.

माझी पानं टेबलावर पडली होती. त्यांच्यावर चहाचा कप ठेवला कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मजकूर सांगितला आणि वनमालाने माझ्यावर उतरवला. अर्ज आणि त्याला जोडून सुंदराबाईंचं प्रतिज्ञापत्र. मी तेही झोकात लिहिलं. दुपारी सुंदराबाई सही करायला आल्या. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण सही शिकल्या होत्या. एकेक अक्षर थांबून काढायच्या. सहीच्या जागेवर पेन टेकवला आणि त्या थांबल्या.

"पोरी, ही खाली येगळी एक ओळ हाय. ती कशाची?"

अशा प्रत्येक कागदाच्या तळाला ती ओळ असायची. मी डोळे मिटून लिहायचो ती. वनमालाने वाचून सांगितलं, "हेच की, हा सगळा मजकूर तुम्हाला मराठीत समजावून सांगितला."

"कुणी सांगितला?"

"अहो, ते लिहायचं असतं तसं."

"लिवलंय तर मग सांग की."

वनमालाने पार्टिशनकडे बघितलं. मग कागद उचलला आणि सांगायला लागली. मी अमुक, राहणार अमुक. कोर्टाच्या हुकमानंतर मी तापाने अंथरुणाला खिळून होते, त्यामुळे मला माझ्या वकिलांना भेटता आलं नाही, आणि म्हणून दुरुस्ती करायची राहून गेली.

सुंदराबाईंनी पेन खाली ठेवला.

"कोण पडून व्हतं?"

वनमाला कागद पुन्हा वाचू लागली.

"एक दिवस बी पडले न्हाई मी. दवाखान्याचं हजेरीपुस्तक हाय, जाऊन बघा. दिसाआड इथं येत व्हते. तूच मला त्या वळी दावत व्हतीस का न्हाई?"

साहेब बाहेर आले. "सुंदराबाई, ही लिहायची पद्धत असते. आजारपण लिहिलं की कोर्ट मुदत देतं. सगळेच लिहितात."

"तुमच्याकडनं राहिलं, आन् आजारी मी पडायचं?"

"तुमच्याच भल्यासाठी आहे, बाई."

"उद्या त्या मालकाच्या वकिलानं हजेरीपुस्तक मागवलं, तर खोटी कोण ठरंल? माझी नोकरी हाय सायेब. पडवी गेली, आता नोकरी बी घालवू?" त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "ज्याच्याकडनं चुकलं त्यानं सही करावी. मी खोट्यावर करणार न्हाई."

साहेब रागाने लाल झाले होते. पण राग कुणावर काढावा ते त्यांना कळत नव्हतं.

परब उठले. टोपी काढून टेबलावर ठेवली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच बघितलं, डोक्याला टक्कल होतं.

"साहेब, माझ्या नावाने लिवा."

"परब, तुम्ही विसरलात असं लिहिलं तर..."

"विसरलंय नाय. माका माहीत होता. चौदावा दिवस कधी हा, ता पण माहीत होता." ते सुंदराबाईंकडे वळले. "बाई, शाई भरून बसलंय होतंय. साहेब हाक मारतीत, परब, जावा लिवन येवा म्हणतीत, म्हणान वाट बघलंय. मुंग्यांची रांग म्हटल्यानी, ता लागला माका. तुमचा घर त्यात अडकला हा, ह्या डोक्यात इला नाय."

सुंदराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "हुकूम झाल्यावर बी बावीस दिस मी कळशा व्हायल्या, मास्तर. एवढ्यासाठी?"

मित्रांनो, परब निदान बोलले. मी त्यांच्याइतकाच अपराधी होतो, आणि माझ्याकडे सगळी अक्षरं असून एक शब्द मला आपणहून उमटवता येत नव्हता.

साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माझंही लिही, वनमाला. फाइल तपासणं माझं काम होतं, मी तपासली नाही."

वनमालाने तो तापाचा कागद फाडला. मी सुबक लिहिलेला कागद कुणी फाडला की मला कळ यायची, त्या दिवशी आली नाही. मग परबांचं प्रतिज्ञापत्र माझ्यावर टाइप झालं. घाईघाईत वनमालाच्या दोन चुका झाल्या. तिने त्या तशाच खोडल्या, वर अक्षरं मारली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गलिच्छ कागद.

सही करण्याआधी परब म्हणाले, "मराठीत सांग." आणि वनमालाने त्यांना अख्खा मजकूर मराठीत सांगितला, त्यांना इंग्रजी येत असूनही.

दुसऱ्या दिवशी चौघंही कोर्टात गेली. वनमालाही गेली. तिथे काय झालं ते तिने परत आल्यावर मला नाही, टेलिफोनवर आपल्या बहिणीला सांगितलं, ते मी ऐकलं. घरमालकाचा वकील म्हणाला की कारकून रुसला म्हणून कोर्टाने थांबायचं का? लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी विचारलं, धोंडिराम परब कोण? परब उभे राहिले. न्यायाधीशांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, अशिलाने मुदत चुकवलेली नाही, तिला त्याची शिक्षा नको. मुदत आजच्या दिवसापुरती वाढवली. फाइल घ्या, त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसा, आणि कोर्ट उठण्याच्या आत लिहा.

आणि परबांनी तिथे बसून लिहिलं. सुंदराबाई शेजारी बसल्या होत्या, शाई वाळेपर्यंत उठल्या नाहीत.

म्हणजे तो पेन न्यायाधीशांच्या डोळ्यांदेखत चालला. हे ऐकून मला काय वाटलं? खोटं कशाला सांगू, पुन्हा जळलो. पण या खेपेला जळता जळता एक विचार आला, की तो चालला नसता तर त्या दोघी कळश्या वाहत राहिल्या असत्या. जळणं थांबलं नाही. नुसतं त्याच्या शेजारी हेही येऊन बसलं.

निकाल लागायला आणखी दोन वर्षं गेली. निकाल सुंदराबाईंच्या बाजूने लागला आणि भिंत पडली. त्यानंतर एका सकाळी त्या मालनला घेऊन ऑफिसात आल्या. ते मूळ वादपत्र जसंच्या तसं, लाल अक्षरांसकट, नकलून आणलं होतं. वनमालाने ती नक्कल टेबलावर माझ्यासमोर पसरली.

"मास्तर," सुंदराबाई परबांना म्हणाल्या, "ह्याच्यात माझी पडवी कुठं हाय ते मालनला दावा."

परबांनी लाल ओळींवर बोट ठेवलं. "ही बघ. ही चूल, ही मोरी, हो नळ."

मालन वाकली. "आणि पुढची खोली?"

परबांचं बोट वर सरकलं, लाल सोडून काळ्यावर आलं. माझ्या अक्षरांवर. "ही पुढची खोली. हय दार, हय खिडकी."

मालनने दोन्ही ओळींवर हात ठेवले, एक तळवा काळ्यावर, एक लालवर. "म्हणजे हे एवढं सगळं मिळून आपलं," ती आईला म्हणाली.

मी आता ऑफिसच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या आवरणाखाली असतो. माझ्या जागी विजेवर चालणारा एक नवा आला आहे. त्याच्यात चुकलेलं अक्षर आपोआप पुसलं जातं, मागे काही खूण राहत नाही, आणि त्याचा त्याला फार तोरा आहे. मी त्याच्यावरही जळतो. सवय आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, कापडाने पुसा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमच्या वहीत कुणी लाल शाईने काही लिहिलं, तर रुसून बसू नका. रुसायचंच असेल तर आधी दाराबाहेर जाऊन बघून या, तुमच्या रुसव्यापायी कुणी कळशी घेऊन दुसऱ्याच्या नळावर उभं तर नाही ना. असेल, तर आधी ते पाणी तिच्या घरात येऊ द्या. मग बसा हवं तितकं जळत. मीही तेच करतो आहे.